इतिहासाच्या तासाला डिजिटल चित्रकथा

१५६४ मध्ये राणी दुर्गावती मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली, अशी एक ओळ आपण सर्वांनी कधीतरी वाचलेली किंवा लिहिलेली असते. परीक्षेत ती लिहिली की गुण मिळतात. आता हीच ओळ चित्रात काढायला बसा. राणी घोड्यावर होती की हत्तीवर? तिचे वय किती होते? लढाई मोकळ्या मैदानात झाली की डोंगरातल्या खिंडीत? आकाश निरभ्र होते की पावसाळी? शेवटचा घाव शत्रूचा होता की तिचा स्वतःचा? ओळ लिहिताना यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही. चित्र काढताना मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, कारण काहीतरी रेखाटल्याशिवाय चौकट पुरी होत नाही.

चित्रकथेमुळे इतिहास सोपा होतो, असे पुष्कळजण म्हणतात. तयार चित्रकथा वाचणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. पण मुलांनी स्वतः चित्रकथा करायला घेतली की इतिहास अवघड होतो, आणि शिक्षक म्हणून मला तेच हवे असते. 'हे आपल्याला कशावरून कळले?' हा प्रश्न मग मला फळ्यावर लिहावा लागत नाही, मुलेच एकमेकांना विचारू लागतात.

मी जबलपूरच्या छावणी भागात आठवी ते दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. वर्गातली भाषा हिंदी आणि इंग्रजी असली, तरी सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या फौजी घरांतली मुले दरवर्षी समोर असतातच. त्यांच्यासाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि माझ्या सहकारी शिक्षकांसाठी हा पाठ आपल्या मराठी पानावर लिहीत आहे. ज्याला हवा त्याने तो आपल्या वर्गात जसाच्या तसा घ्यावा.

चित्रकथा आपल्याला नवी नाही

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र पुढे करतात आणि रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगतात. चित्र बदलले की प्रसंग बदलतो. दोन चित्रांच्या मध्ये जे घडले, ते ऐकणाऱ्याने मनाने भरून काढायचे. आजच्या कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी हेच काम करते.

१९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' ही मालिका सुरू केली. आपल्या मुलांना ग्रीक पुराणकथा ठाऊक असतात, पण रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, या जाणिवेतून ती निघाली. राणी दुर्गावतीवरही तिच्यात एक पुस्तक आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर आधारलेल्या शंभराहून अधिक चित्रकथा 'दीक्षा' या संकेतस्थळावर खुल्या केल्या. त्या सीबीएसईच्या शाळांमधल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीच तयार केल्या होत्या. म्हणजे मुलांनी चित्रकथा करणे हे आता शाळेच्या शिस्तीबाहेरचे उरलेले नाही.

तयार पुस्तके जरूर वाचावीत. मात्र त्यांतले निर्णय दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेले असतात. राणीचा चेहरा कसा, मुकुट कोणता, शत्रू किती उग्र, हे चित्रकाराने ठरवलेले असते आणि वाचणारा ते इतिहास म्हणून मनात ठेवतो. म्हणून मी तयार चित्रकथा शेवटी दाखवते, मुलांची स्वतःची तयार झाल्यावर. तेव्हा ती टीकाकाराच्या नजरेने वाचली जाते.

आधी पुरावा, मग पेन्सिल

पाठाचे पहिले दोन तास कोणी चित्र काढायचे नाही. या दोन तासांत फक्त साधने वाचायची. जबलपूरच्या मुलांना दुर्गावती घरची आहे. राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे ती रोज बसच्या पाटीवर वाचतात. विद्यापीठाला आणि संग्रहालयाला राणीचेच नाव आहे. तरीही ती कोणत्या कागदातून आपल्यापर्यंत आली, हे बहुतेकांना माहीत नसते.

पहिले साधन अबुल फजलचा 'अकबरनामा'. ज्या बादशहाच्या सरदाराने, म्हणजे आसफखानाने, राणीवर स्वारी केली, त्याच बादशहाच्या दरबारातला हा लेखक. त्याने हे लिहिले ते लढाईनंतर पंचवीसएक वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा. असे असूनही राणीच्या शौर्याची आणि कारभाराची तो मोकळ्या मनाने स्तुती करतो. विरुद्ध पक्षाच्या लेखणीतून आलेली स्तुती किती मोलाची आणि आपल्या सरदाराचा विजय मोठा दिसावा म्हणूनही ती केली असेल का, या दोन्ही बाजू मुले मांडतात.

दुसरे साधन इंग्रज अधिकारी स्लीमन याचे १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन. तो या भागात बरीच वर्षे कामाला होता. राणीच्या समाधीजवळून जाणारा वाटसरू आसपास सापडेल तो उत्तम पांढरा चकचकीत खडा उचलून तिथे वाहतो, असे त्याने नोंदवले आहे. जवळचे दोन मोठे गोल दगड म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे, आणि ते रात्री वाजतात, हा लोकांचा समजही त्याने लिहून ठेवला आहे. लढाईनंतर पावणेतीनशे वर्षांनी लिहिलेले हे पुस्तक लढाईचा पुरावा ठरत नाही. लोकांनी लढाई कशी लक्षात ठेवली, याचा मात्र तो चांगला पुरावा आहे.

तिसरे साधन म्हणजे प्रत्यक्ष जागा. बरेल्याच्या बाजूला नर्रई नाल्याजवळ समाधी आहे आणि २४ जूनला तिथे दरवर्षी बलिदान दिन पाळला जातो. शक्य असेल तर मुलांना तिथे न्यावे. टेकड्या, नाला आणि खिंडीची रुंदी यांचे मोबाइलवर फोटो काढून आणावेत. चौकटीची पार्श्वभूमी त्या फोटोंवरून काढायची असते. खिंड पाहिलेल्या मुलाला लहान सैन्याने ती जागा का निवडली असेल, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सहा चौकटी

एका पानावर सहा चौकटी, एवढीच मर्यादा मी घालते. राणीचे सगळे चरित्र सहा चौकटींत बसत नाही. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे हाच अर्धा अभ्यास आहे. गेल्या वर्षी वर्गाने निवडलेल्या चौकटी अशा होत्या.

पहिली : दलपतशहा वारला आहे, मुलगा वीरनारायण लहान आहे, राणी कारभार हाती घेते. इथे वयाचा प्रश्न आला. १५२४ हे जन्मवर्ष धरले, तर १५६४ च्या जून महिन्यात राणी चाळिशीच्या उंबरठ्यावर होती. कॅलेंडरवरच्या चित्रांत ती विशीतली दिसते. एका मुलीने पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत राणीचे चेहरे वेगळे काढले. मधल्या चौदा-पंधरा वर्षांचा कारभार दुसऱ्या चेहऱ्यावर दिसला पाहिजे, असे तिचे म्हणणे होते.

दुसरी : वाघ आल्याची बातमी कळली की त्याची शिकार होईपर्यंत राणी पाणीही पीत नसे, असे अबुल फजल सांगतो. मुलांनी बाजूला ठेवलेला भरलेला तांब्या काढला. चौकटीत शब्द एकही नाही.

तिसरी : नर्रईची खिंड, लढाईचा पहिला दिवस. मोगल तुकडी मागे हटली.

चौथी : त्याच रात्रीची मसलत. राणीने रात्रीच छापा घालावा असे सुचवले, सरदारांना ते पटले नाही. फौजी घरांतल्या मुलांना ही चौकट सर्वांत जास्त विचार करायला लावते. शत्रूच्या तोफा मागे आहेत, सकाळपर्यंत त्या पुढे येतील, मग आजची रात्र का दवडायची? तर सरदारांचेही काही म्हणणे असेलच. दिवसभर लढून माणसे दमली होती, अंधार होता, पावसाळा तोंडावर होता. ती कारणे अबुल फजल देत नाही, म्हणून ती आपण फक्त तर्क म्हणून मांडायची.

पाचवी : दुसरा दिवस. तोफा आल्या आहेत. वीरनारायण जखमी झाला आहे आणि राणी त्याला सुरक्षित जागी पाठवते आहे. मागे नाला दुथडी भरलेला आहे, पण तो लोककथेतला.

सहावी : दोन बाण लागून राणी जायबंदी झाली आहे. पुढे बसलेल्या आधार नावाच्या सेवकाला ती आपला शेवट करायला सांगते, त्याचा हात उचलत नाही, तेव्हा ती स्वतःच कट्यार घेते. 'धारातीर्थी पडली' या दोन शब्दांत हे सगळे झाकले जाते. ही चौकट कशी काढायची, यावर वर्गात पूर्ण तास चर्चा झाली. रक्त दाखवायचे का? शेवटी वर्गाने ठरवले की कट्यार दिसू नये. आधारची खाली गेलेली मान, राणीचा पुढे आलेला हात आणि थांबलेला हत्ती एवढेच दिसावे. चौदा वर्षांच्या मुलांनी हे आपसांत बोलून ठरवले, याचे मला कौतुक वाटते. शिक्षकांनी या चौकटीसाठी मोकळा वेळ ठेवावा आणि मुलांना मनातले बोलू द्यावे.

तीन प्रकारच्या रेषा

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा नियम चौकटीच्या रेषेचा आहे. जे समकालीन किंवा जवळच्या काळातल्या साधनात आहे, त्याची चौकट अखंड रेषेची. जो आपला तर्क आहे, त्याची चौकट तुटक रेषेची. जे लोकस्मृतीत आहे, त्याची चौकट नागमोडी रेषेची. एकाच चौकटीत दोन गोष्टी असतील, तर त्या त्या वस्तूभोवती तशी रेषा काढायची. पाचव्या चौकटीत वीरनारायण अखंड रेषेत आहे आणि पूर आलेला नाला नागमोडी रेषेत.

हा नियम सांगितल्यावर एका मुलाने विचारले, "मॅडम, मग राणीचा चेहरा कोणत्या रेषेत?" वर्ग शांत झाला. तिच्या हयातीत काढलेले, चेहरा खात्रीने सांगणारे चित्र आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. म्हणून सहाही चौकटींत तिचा चेहरा तुटक रेषेत काढला गेला. आमच्या शाळेतल्या फलकावर लावलेले ते पान पाहून पालक विचारतात, चेहरा अपुरा का? मग मुले त्यांना समजावून सांगतात. इतिहास शिकवल्याचे समाधान मला त्या वेळी मिळते.

फुग्यातले शब्द

चित्रकथेत पात्रांच्या तोंडून शब्द येतात ते फुग्यात. इथे फार सावध राहावे लागते. राणीने नेमके काय म्हटले, ते कोणी लिहून घेतलेले नव्हते. तरी फुगा रिकामा ठेवला तर कथा चालत नाही. आमचा नियम असा : साधनात आशय असेल तर साधा फुगा, आपण रचलेले वाक्य असेल तर तुटक फुगा, आणि निवेदकाचे बोलणे नेहमी वरच्या पट्टीत. एका फुग्यात पंधरापेक्षा जास्त शब्द नकोत. भाषण लिहायचा मोह या मर्यादेने आपोआप आटोक्यात राहतो.

फुग्याचा आकारही बोलतो, हे दाखवण्यासाठी मी 'भीमायन' हे पुस्तक वर्गात आणते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचे हे चित्रपुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. ही कला आपल्या शेजारच्या मंडला-दिंडोरी भागातली. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायचे नाकारले आणि भिंती-अंगणात काढल्या जाणाऱ्या डिगना नक्षीने पाने विभागली. सौम्य बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे, आणि जातीचा विखार असलेल्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. महाराष्ट्रातल्या एका मुलाची कहाणी मध्य प्रदेशातल्या गोंड कलेने सांगितली आहे. गोंड राज्याच्या राणीची गोष्ट तिच्याच मुलखातल्या नक्षीत का सांगू नये, असा विचार त्यावरून एका गटाला सुचला. त्यांच्या हत्तीच्या अंगावर ठिपके आणि माशाच्या खवल्यांसारख्या रेषा आहेत.

डिजिटल का?

हे सगळे कागदावरही करता येईल. तरी संगणकाचे तीन मोठे फायदे आहेत.

पहिला फायदा दुरुस्तीचा. नवा पुरावा मिळाला की एक चौकट बदलता येते, पूर्ण पान पुन्हा काढावे लागत नाही. जुनी प्रत तारीख घालून जपून ठेवायची, म्हणजे आपले मत कधी आणि का बदलले ते दिसते. दुसरा फायदा थरांचा. चित्राचे प्रोग्राम एकावर एक पारदर्शक थर ठेवू देतात. आम्ही जागेचा फोटो, अखंड रेषा, तुटक रेषा आणि नागमोडी रेषा असे चार वेगळे थर ठेवतो. लोककथेचा थर बंद केला की पुराव्यावर किती चित्र उभे आहे, ते पडद्यावर लगेच दिसते. तिसरा फायदा पाठवण्याचा. आमच्या मराठी मुलांनी पानाची मराठी आवृत्ती करून ती गावाकडे आजी-आजोबांना मोबाइलवर पाठवली.

खर्च काही लागत नाही. 'क्रिटा' हा चित्रकलेचा प्रोग्राम मोफत आहे. तो शिकायला वेळ नसेल तर 'लिबरऑफिस इम्प्रेस' किंवा 'पॉवरपॉइंट' यांतही चौकटी, फुगे आणि फोटो व्यवस्थित बसतात. मुलांनी चित्र कागदावर काढावे, मोबाइलने फोटो घ्यावा, आणि रेषा, फुगे व अक्षरे संगणकावर करावीत. चित्रकला येत नाही म्हणणारी मुलेही मग मागे राहत नाहीत. त्यांना नकाशा, मजकूर किंवा पुराव्याची तपासणी द्यावी. चार जणांच्या गटात एक चित्रकार, एक लेखक, एक नकाशा करणारा आणि एक तपासनीस असावा.

मराठी अक्षरांसाठी युनिकोड टंक वापरावा. मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे टंक मोफत मिळतात आणि लहान फुग्यातही नीट वाचता येतात. काही कॉमिकच्या ॲपमध्ये जोडाक्षरे तुटतात आणि 'दुर्गावती'चा रफार भलतीकडे जातो. तसे झाले तर मजकूर दुसऱ्या प्रोग्राममध्ये लिहून त्याचे चित्र करून चिकटवावे.

हल्ली शब्द लिहिले की चित्र काढून देणारी साधने आली आहेत. माणसांच्या चित्रांसाठी आम्ही ती वापरत नाही. ती पूर्वी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून एक गुळगुळीत राणी काढून देतात. त्यात कोणतीच रेषा तुटक नसते, आणि ही रेषा कशावरून काढली असे त्या साधनाला विचारता येत नाही.

किती रणगाडे?

दुसरा पाठ आपल्या जवळच्या काळातला. ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे केंद्र जबलपुरात आहे, त्यामुळे चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद हे नाव इथल्या मुलांना तोंडपाठ असते. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात चीमा गावापुढे त्यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे उडवले आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

चौकटीत जळणारे रणगाडे किती काढायचे? परमवीर चक्राच्या मानपत्रात क्रम स्पष्ट आहे. पुढचा रणगाडा उडवला, जागा बदलून दुसरा पेटवला, आणि आणखी एकावर मारा चालू असताना शत्रूचा गोळा लागला. लोकप्रिय पुस्तकांत मात्र सात किंवा आठ हा आकडा येतो. हे वाचल्यावर एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील याच रेजिमेंटमध्ये. तो म्हणाला, "मॅडम, दोनच काढायचे? बाबांना काय सांगू?"

प्रश्न रास्त होता. मी मानपत्र पुन्हा वाचायला सांगितले. ते एका सकाळचे वर्णन आहे, तर लढाई त्याच्या आधीचे दोन दिवसही चालू होती. मोठे आकडे सांगणारे आधीच्या दिवसांचा हिशेब धरतात. मग मुलाने स्वतःच तोडगा काढला. दोन जळणारे रणगाडे अखंड रेषेत, तिसरा तोफेच्या नेमावर, आणि बाकीचे मागे धुरात तुटक रेषेत. ते पान त्याने घरी दाखवले. वडिलांनी त्यावर एकच शेरा दिला : जीपला रणगाड्यासारखे चिलखत नसते, ती आणखी लहान आणि उघडी काढ. आकड्याच्या वादात राहून गेलेली गोष्ट अनुभवी शिपायाने दाखवून दिली. पोलादी रणगाड्यासमोर उघड्या जीपवर बसलेला माणूस काढला की शौर्य कळते.

मराठ्यांची चौकट

आता मराठी वाचकांना थोडी टोचणारी गोष्ट. दुर्गावतीनंतर गढा-मंडल्याच्या गोंड राज्याचे पुढे काय झाले, हे काढायला घेतले की काही चौकटींत आपण येतो. १७४२ मध्ये पेशवा बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, यांनी मंडल्यावर स्वारी केली आणि तीत राजा महाराजशहा मारला गेला. पुढे चौथ सुरू झाली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी राज्यच ताब्यात घेतले. शेवटच्या राजाला, नरहरशहाला, खुरईच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या डिसेंबरमध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतले. त्याच गोंड घराण्यातले शंकरशहा आणि त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्या रात्रीच इथली ५२ वी पलटण बंड करून निघून गेली.

सातारकडचा एक मुलगा हे वाचून बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "मॅडम, म्हणजे इथे आपण आसफखानाच्या जागी?" त्याच्या गटातल्या दोन मुलांना ती चौकट वगळायची होती. सहाच चौकटी आहेत, जागा नाही, हे त्यांचे कारण. जागेचे कारण खोटे नव्हते, पण खरे कारण दुसरे आहे हे सर्वांना कळत होते.

मी त्यांना एक काम दिले. हीच चौकट आधी पुण्याच्या बाजूने काढा, मग मंडल्याच्या बाजूने. पुण्याच्या बाजूने काढताना वर नकाशा आला, चौथाईचा हिशेब आला, उत्तरेच्या मोहिमांचा खर्च आला. मंडल्याच्या बाजूने काढताना नर्मदेचा घाट, किल्ल्याची भिंत आणि दारात उभा परका शिपाई आला. त्या शिपायाच्या डोक्यावर पगडी आपलीच होती. दोन्ही चौकटी अखंड रेषेत आहेत, कारण दोन्हींना पुरावा आहे. गटाने त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मधली पट्टी नेहमीपेक्षा रुंद ठेवली.

शिवरायांचा अभिमान बाळगणाऱ्या मुलाला ही चौकट काढायला लावणे योग्य आहे का, असे एका पालकांनी मला विचारले. मला ते योग्य वाटते. उद्या हीच मुले गणवेशात देशाच्या कानाकोपऱ्यात जातील. तिथल्या माणसांच्या स्मृतीत आपल्या पूर्वजांचे चित्र कसे आहे, हे माहीत असलेला अधिकारी त्या माणसांशी अधिक समजुतीने वागेल. त्या मुलाने शिवरायांवरची चित्रकथाही नंतर केली, आणि तीत त्याने पहिल्यांदाच तुटक रेषा वापरल्या.

शिक्षकांसाठी

या पाठाला सहा तास लागतात. दोन साधनांचे, एक आराखड्याचा, दोन चित्राचे, एक परीक्षणाचा. सगळा अभ्यासक्रम असा शिकवता येणार नाही. वर्षातून दोन विषय पुरेत. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू नये, घटनांचा क्रम त्यातूनच पक्का होतो. गुण देताना चित्राच्या सुबकपणाला कमी आणि पुराव्याला जास्त द्यावेत. मी वीसपैकी आठ गुण साधनांना, पाच रेषा योग्य वापरल्याबद्दल, चार प्रसंगांच्या निवडीला आणि तीन मांडणीला देते. शेवटी प्रत्येकाने एका चौकटीबद्दल पाच ओळी लिहायच्या : ही चौकट अशीच का काढली? सुंदर चित्रामागे अभ्यास आहे की नाही, ते या पाच ओळींत समजते.

करून पाहा

१. तुमच्या घराण्यातल्या किंवा गावातल्या एखाद्या सैनिकाची एक आठवण निवडा. ती तीन चौकटींत बसवा. घरात ऐकलेले नागमोडी रेषेत, कागदपत्रात सापडलेले अखंड रेषेत काढा.

२. राणीच्या रात्रीच्या मसलतीची चौकट काढा. राणी आणि सरदार यांच्या फुग्यांत प्रत्येकी पंधरा शब्दांत त्यांची बाजू मांडा. फुगे कोणत्या रेषेचे असतील ते ठरवा.

३. कोणतीही एक तयार ऐतिहासिक चित्रकथा घ्या. तिच्या एका पानावर पेन्सिलीने रेषांचे तीन प्रकार आखून पाहा. किती चौकटी अखंड राहिल्या ते मोजा, आणि ती संख्या घेऊन इतिहासाच्या तासाला या.